ताई आली नाही म्हणजे साफ

मित्रांनो, मी एक जुनी फोटोची गाडी आहे. लग्नातल्या फोटोची नव्हे हं, छातीच्या फोटोची. शिकलेली माणसं त्याला एक्स-रे म्हणतात, पण उल्हासनगरच्या गाळ्यांपासून वांगणीच्या वाड्यांपर्यंत मला कुणी एक्स-रेची गाडी म्हटल्याचं आठवत नाही. 'फोटोची गाडी आली, फोटोची गाडी आली' करत पोरं पुढे धावायची आणि त्यांच्या आया मागून पदर सावरत यायच्या.

आज मी अंबरनाथला एका बंद कारखान्याच्या मागच्या अंगाला उभी आहे. चाकांत हवा नाही. आरशावर एक साळुंकी येते आणि स्वतःच्याच रूपाशी तावातावाने भांडते. दुसरं कुणी येत नाही. माझा स्वभाव जरा तिखट आहे, हे आधीच सांगून ठेवते. मला गोडगोड बोलता येत नाही आणि आता शिकायचं वयही राहिलेलं नाही.

मुळात मी साधा मालवाहू टेम्पो. माझ्या नशिबी कांदे-बटाटे यायचे, पण एका मिस्त्रीने माझ्या पाठीवर खोली बांधली आणि तिच्या भिंतींत शिशाचे पत्रे बसवले. यंत्रातले किरण बाहेर जाऊन कुणाला अपाय करू नयेत म्हणून ते लागतात. मिस्त्री मला थोपटत म्हणाला, "हिच्या पोटात शिसं भरलंय, ही घाटात रडणार बघ." रडले नाही हो मी कधी. धापा टाकल्या असतील.

माझा सगळा खर्च सातासमुद्रापारच्या एका देशाने उचलला होता. तिथून पैसा निघायचा, मुंबईच्या एका संस्थेकडे यायचा आणि तिथून बदलापूरच्या दोन खोल्यांच्या कचेरीत. मी आले त्या दिवशी नारळ फुटला, गोरे साहेब घाम पुसत हसले, आणि माझ्या दोन्ही कुशींवर हे एवढाले स्टिकर लागले. त्या देशाच्या लोकांकडून सप्रेम भेट, असं त्यावर लिहिलं होतं. काय ऐटीत होते मी म्हणून सांगू! मला वाटलं, भेट म्हणजे भेट. आपल्याकडे ओटीत घातलेला खणसुद्धा कुणी परत मागत नाही.

माझ्या कुटुंबात तीन माणसं होती. कैलास माझा ड्रायव्हर, वांगणीकडचा, तोंडात कायम बडीशेप. वरद यंत्र चालवायचा. आणि सगळ्यांवर जिज्ञासाताई. ताई कुळगावच्या. आधी दोन वर्षं केनियात अशाच कामावर राहून आल्या होत्या. परत आल्या तेव्हा लोकांना वाटलं आता ही मुंबईत गार हवेच्या कचेरीत बसेल, तर या बाई माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसल्या. त्यांचे वडील दिनानाथकाका, अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "जिजू, परदेशी पैशावरची नोकरी म्हणजे दुसऱ्याच्या छत्रीत उभं राहणं. तो चालायला लागला की आपण भिजलो." ताई हसून म्हणायच्या, "बाबा, आधी भिजणाऱ्यांना छत्रीत घेऊ, मग बघू."

आमचं काम टीबी शोधायचं. ज्याला स्वतःला ठाऊक नाही असा टीबी. खोकला असतो, पण वीटभट्टीवाला म्हणतो धुळीने आहे आणि उल्हासनगरात जीन्स शिवणारा म्हणतो, "हा जीन्सचा खोकला, ताई. निळा बारीक कापूस जातो ना नाकात." दवाखान्यात जायचं तर खाडा पडतो. म्हणून दवाखानाच चार चाकं लावून त्यांच्या दारात गेला.

आणि गंमती काय कमी झाल्या? फोटो म्हटल्यावर बायका पावडर लावून येत. वांगणीजवळच्या एका वाडीत जनू नावाचा म्होरक्या होता, तो आदल्या दिवशीच सगळ्यांना अंघोळ करून तयार राहायला सांगायचा. तिथल्या एका आजीने आपला फोटो बघायचा हट्ट धरला. वरदने पडद्यावर दाखवला. आजी डोळे बारीक करून बघत राहिली आणि कडाडली, "आरं, माजं त्वांड कुठाय यात?"

"आजी, हा छातीचा आहे."

"मंग पावडर कशापायी लावली मी? सांगायचं न्हाई व्हय आधी!"

कैलास हसून हसून माझ्या चाकाला टेकला होता. आजी मात्र पुढचे दोन महिने त्याच्याशी बोलली नाही.

आता जे सांगते ते नीट ऐका, कारण सगळा घात त्यातच आहे. आमच्या कामाची एक पद्धत होती आणि ती ताईंनीच पाडली होती. फोटो काढला की तो मुंबईच्या डॉक्टरांकडे जायचा. चार-सहा दिवसांत उत्तर यायचं. ज्याची छाती साफ, त्याला कशाला उगाच खाडा करून कचेरीत बोलवा? आणि ज्याच्या छातीत डाग, त्याला फोनवर सांगायचं तरी कसं? फोन शेजारी उचलतो, बातमी गल्लीभर होते, पोरीचं लग्न मोडतं. म्हणून ताई स्वतः त्याच्या घरी जायच्या. साध्या साडीत, पाहुण्यासारख्या. पिशवीत भावाच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका असायच्या. शेजाऱ्यांनी विचारलं तर सांगायचं, लग्नाचं बोलावणं करायला आले. त्या एका भावाचं लग्न किती वर्षं चाललं होतं, देव जाणे! कैलास तर म्हणायचा, "नवरदेवाला आता नातवंडं झाली असतील, ताई."

मग आत बसून, चहा घेऊन, ताई हलक्या आवाजात सांगायच्या. औषध बरं करतं, हे सांगायच्या. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात सोबत जायच्या आणि गोळ्या सुरू होईपर्यंत पाठ सोडायच्या नाहीत. अशी किती माणसं उठून कामाला लागली म्हणता! काही पुढे मला बघायला आली, हार घालून गेली.

तर कॅम्प संपला की ताई सगळ्यांना सांगायच्या, "आठवडाभरात मी घरी आले नाही, तर समजा छाती साफ." लोकांनी त्याचं लहान करून घेतलं. ताई आली नाही म्हणजे साफ. मग निघताना बायका हात जोडून हसत म्हणायच्या, "ताई, येऊ नका हं आमच्याकडे!" आपल्या मुलखात पाहुण्याला 'या हं' म्हणतात. पण आमच्या ताईंना सगळ्या जणी 'येऊ नका' म्हणायच्या, आणि त्यात जेवढी माया असायची तेवढी दुसऱ्या कशात नसेल.

संक्रांत होऊन गेली होती. रथसप्तमी यायची होती, हळदीकुंकवाचे दिवस चालू होते. आम्ही उल्हासनगरला, कॅम्प पाच नावाच्या वस्तीत, एका जीन्सच्या गाळ्यासमोर उभे होतो. गाळ्याचे सेठ, लछमनसेठ, मोठा माणूस मनाने. त्यांनी शिलाईची सगळी यंत्रं अर्ध्या दिवसासाठी बंद ठेवली होती. "फोटो निकालो साईं, सबका निकालो, पहिला माझा काढा," म्हणून स्वतः रांगेत पुढे.

त्या रांगेत अंजनी होती. धागा कटिंगला बसणारी, मूळची जालन्याकडची. नवरा नाही, एक लेक तेजल, चौथीत. अंजनीची बोटं नखांपर्यंत निळी झालेली. माझ्या पायऱ्या चढताना तिला धाप लागली, तरी तोंड बंद नव्हतं.

"ताई, फोटो बरा काढा बरं का. गोरी दिसले पायजे."

"आतून सगळे सारखेच दिसतात, अंजनी," ताई म्हणाल्या. "खोकला कधीपासून?"

"दिवाळीपासनं. जीन्सचाच हाय ओ. समद्यांनाच हाय की." मग तिने आवाज खाली केला. "ताई, मला काय झालं तर त्या पोरीला कुणी न्हाई. म्हणून आले रांगेत. न्हाईतर मी कशाला येतीय?"

ताईंनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. जाताना अंजनी दारातून मागे वळली आणि हात जोडून म्हणाली, "येऊ नका हं ताई!" सगळी रांग हसली. मीही हसले असते, पण गाडीला हसता येत नाही.

त्या दिवशी गल्लीत नेटवर्क नव्हतं. फोटो यंत्राच्या कॉम्प्युटरमध्येच राहिले. वरद म्हणाला, उद्या सकाळी कचेरीतून पाठवतो. त्याचं काही चुकलं नाही, असं आधीही कितीदा झालं होतं. फोटो सरळ आला की नाही एवढंच तो बघायचा. वाचायचं काम डॉक्टरांचं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला जनूच्या वाडीवर जायचं होतं. कैलासने मला धुऊन पुसून उभं केलं होतं. ताई आल्या त्या फोनकडे बघतच.

"कैलासदादा, चावी काढा."

"का ओ ताई? डिझेल हाय की."

"डिझेलचं नाही. मेल आलाय. तिकडच्या नव्या सरकारने सगळी मदत थांबवली. काम जागच्या जागी बंद."

"म्हंजे वाडी करून मग बंद?"

"नाही हो. आत्ता. या मिनिटापासून. गाडी हलवायची नाही, यंत्राला हात लावायचा नाही, पेशंटला भेटायचं नाही, फोन नाही. काही नाही." मग त्यांना वाटलं आपण फार कठोर बोललो, म्हणून म्हणाल्या, "कायमचं नाही. तीन महिन्यांचा पॉज आहे म्हणे."

कैलासने बडीशेप थुंकली. "पॉज म्हंजे टीव्हीचा आस्तो तसा? परत दाबला की चालू?"

"हो. तसाच."

"आन् दाबणार कोण, ताई?"

 ताईंचा फोन थांबत नव्हता. केनियातले जुने सोबती लिहीत होते. तिथेही तोच मेल, तीच वेळ, आणि गोळ्यांच्या खोलीला कुलूप. इतक्यात जनूचा फोन आला. "ताय, कवा येताव? बाया नटूनथटून बसल्यान."

कामाबद्दल कुणाशी काही बोलायचं नाही, असा हुकूम होता. ताईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "जनूभाऊ, गाडी बिघडली आज."

मी बिघडले होते? मी? अंगणात पाण्याने निथळत, टाकीत डिझेल भरून, चारी चाकं टणक असलेली मी उभी होते. इतकी वर्षं कच्च्या रस्त्यांनी पाठीचा मणका ढिला केला, पण एक कॅम्प चुकवला नाही. आणि शेवटी आळ माझ्यावर! पण ताईंच्या तोंडाकडे बघितलं आणि राग गिळला. त्या बाईने आयुष्यात खोटं बोलायची सवय फक्त लग्नाच्या पत्रिकांपुरती केली होती.

दोन दिवसांत मुंबईहून माणसं आली. त्यांनी कॉम्प्युटर गुंडाळून सील केला. ताई त्यांच्या पाठीपाठी फिरत होत्या. "त्यात शेवटच्या कॅम्पचे फोटो आहेत. वाचलेले नाहीत. नावं, पत्ते, फोन, सगळं त्यातच आहे. निदान तेवढे तरी सरकारी दवाखान्याला देऊ द्या." ती माणसंही बिचारी घाबरलेली, त्यांच्याही नोकऱ्या जायच्या होत्या. "मॅडम, वरून परवानगी आली की देऊ," एवढंच ती म्हणत राहिली. मुंबईच्या साहेबांनी फोनवर समजावलं, "जिज्ञासा, एकसुद्धा नियम मोडलास ना, तर परत सुरू होताना आपलं नाव कापतील. मग पुढच्या हजारो लोकांचं काय? जरा दम धर." सरकारी दवाखान्यातल्या बाईंना ताईंनी चोरून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही नावं द्या, मी उद्या माणूस पाठवते." नावंच तर सीलबंद.

आणि ताईंनी दम धरला.

मला अजून वाटतं, तिथेच आमचं सगळं बुडालं. पण त्यांना दोष तरी कसा देऊ? जन्मभर नियम पाळून काम केलेली बाई. तिला वाटलं, आज गप्प बसलं तर उद्या माझी चाकं पुन्हा फिरतील. वरद कल्याणच्या एका लॅबमध्ये लागला. कैलास शाळेच्या पोरांची व्हॅन चालवू लागला. मला इथे, या कारखान्याच्या मागे आणून लावलं. ताई अधूनमधून येत, माझ्या पुढच्या सीटवर बसत आणि काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत. दिनानाथकाका एकदा सोबत आले होते. छत्रीचं काही बोलले नाहीत. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, आणि मग म्हणाले, "घरी चल, जिजू, जेवली नाहीस तू."

"बाबा, ती माणसं माझी वाट बघत असतील हो," ताई म्हणाल्या. "म्हणत असतील, निकाल कसा येईना?"

असं त्यांना वाटत होतं, मित्रांनो. लोक वाट बघत असतील, कंटाळून स्वतःच दवाखान्यात जातील, असं. इतकी हुशार बाई, पण स्वतः घालून दिलेली पद्धत स्वतःच विसरली. दुःखात माणसाला साधी गोष्ट दिसत नाही.

गुढीपाडवा झाला आणि एका दुपारी कैलास आला. भाच्याला पँट घ्यायला उल्हासनगरला गेला होता. ताई माझ्यातच बसल्या होत्या.

"ताई, लछमनसेठ भेटला. लय खूश. म्हनला, आमच्या गाळ्याचे समदे फोटो क्लियर आले ना! बायांनी पेढे वाटले म्हने."

"क्लियर? कुणी सांगितलं क्लियर?"

"कुनी म्हंजे? तुमी गेल्याव नाय ना कुनाकडं. ताई आली नाय म्हंजे..."

वाक्य त्याच्याच्याने पुरं झालं नाही. ताई पांढऱ्याफटक पडल्या.  "अरे देवा," त्या म्हणाल्या. "कैलासदादा, ते वाट बघत नाहीयेत. त्यांनी पेढे वाटले."

दार उघडून त्या खाली उतरल्या आणि ओरडल्या, "चावी कुठे आहे?"

"माझ्याकडंच हाय. मागितलीच नाय कुनी."

माझी बॅटरी उतरली होती. कैलासने कारखान्याच्या वॉचमनला हाक मारली, तिघांनी मिळून मला ढकललं. तिसऱ्या धक्क्याला मी खोकले आणि सुरू झाले. हुकूम मोडून निघाले मी, आणि मला त्याचा अभिमान आहे.

लछमनसेठनी ताईंना बघितलं आणि त्यांच्या हातातलं पाणी तसंच राहिलं. "ताई? तुम्ही कशाला आलात? सब साफ था ना?"

"सेठ, फोटो कुणी बघितलेच नाहीत. काम बंद पडलं. माणसं कुठे आहेत?"

सेठ मटकन स्टुलावर बसले. "होली को गए ना, ताई. यूपी में कोई गोंडा गया, कोई बस्ती. थोडे परत आले. बाकी बोलले, तबीयत ठीक आहे, रिपोर्ट साफ आहे, शादी का सीजन निपटाके आते." मग कपाळाला हात लावला. "अंजनी येत नाही पंधरा-वीस दिन. मी बोललो डॉक्टरकडे जा. ती हसली. बोलली, सेठ, ताई आली नाही ना? मग कसला डॉक्टर? जीन्सचा खोकला है."

अंजनीच्या गल्लीत मी मावत नाही. ताई आणि कैलास आत गेले. पुढचं कैलासने मला नंतर सांगितलं, म्हणजे माझ्या बॉनेटला टेकून तो स्वतःशीच बोलत होता. म्हणाला, अंजनी चटईवर होती. दारात ताई दिसल्या आणि तिने काही विचारलं नाही. पदर तोंडावर घेतला आणि लेकीला दुसऱ्या कोपऱ्यात जायला सांगितलं. ताईंच्या हातात पत्रिका नव्हती, ओठांवर निकाल नव्हता, त्यांना स्वतःलाच काही माहीत नव्हतं. पण त्यांचं दारात येणं, एवढंच पुरलं.

दोघांनी तिला धरून माझ्यापाशी आणलं. जिथे तिने गोरी दिसायचा हट्ट केला होता तिथेच, माझ्या मागच्या खोलीत, तिला निजवलं. यंत्र केव्हाच काढून नेलं होतं, नुसती भिंतीतल्या शिशाची थंडी होती. तेजल पाण्याची बाटली छातीशी धरून बसली. ताईंनी अंजनीचं डोकं मांडीवर घेतलं. हाडांची मोळी झाली होती तिची.

"अंजनी, मला आधी यायला हवं होतं ग. हुकूम होता, येऊ नका म्हणून. मी ऐकत बसले."

अंजनीने धाप आवरली. मग म्हणाली, "मी तर रोज दिवा लावताना तुमचं नाव घ्यायचे, ताई. म्हणायचे, देवा, ताई आल्या न्हाईत, लय उपकार झाले."

ताईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कुठल्या माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. कैलासने पुढे आरसा वळवून घेतला. मला थांबायचं नव्हतं, मी कळ काढत धावत होते, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला माझं वजन जड झालं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हयगय केली नाही. औषधं तिथे फुकट मिळतात, त्याच दिवशी सुरू झाली. पण डॉक्टर ताईंना बाजूला घेऊन म्हणाले, "एक फुप्फुस राहिलेलंच नाही. संक्रांतीच्या सुमाराला आल्या असत्या तर सहा महिन्यांत बऱ्या होऊन कामाला लागल्या असत्या. इतका उशीर का केला?"  अंजनी अक्षय्य तृतीयेच्या आधी गेली. तेजलला जालन्याहून मावशी येऊन घेऊन गेली. जाण्यापूर्वी ताईंनी तिची तपासणी करून घेतली, पुढे आजार होऊ नये म्हणून गोळ्या बांधून दिल्या आणि मावशीला चार-चारदा समजावलं. कैलासने दोघींना माझ्यातून स्टेशनवर सोडलं. तेजल रिकामी बाटली तेवढी माझ्या सीटवर ठेवून उतरली.

पुढे तो पॉज संपला. म्हणजे बटण कुणी दाबलंच नाही. काम कायमचं बंद, असं कळवलं गेलं. जाता जाता आणखी एक हुकूम आला, गाडीवरचे स्टिकर काढून टाका. कैलासने पत्र्याने खरवडून काढले. नाव निघालं, 'सप्रेम' तेवढं निघेना, ते रंगात उतरलं होतं. त्यावर त्याने काळा रंग फासला. सील केलेला कॉम्प्युटर कुठे आहे ते कुणी सांगत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्या देशातल्या माणसांनी मला मनापासून दिलं असेल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण देणाऱ्याने हात काढताना त्या हाताला कोण धरून उभं आहे ते बघू नये का?

ताई आता बदलापूरला एका शिकवणीत इंग्रजी शिकवतात. रविवारी कॅम्प पाचमध्ये पायी फिरतात, चेहरे आठवत. सेठकडे रोजावरच्या माणसांचे गावचे पत्ते नाहीत. या दाराला विचार, त्या दाराला विचार. काही सापडले. बहुतेक सापडले नाहीत. ताई दिसल्या की गल्लीतल्या बायका अजून दचकतात. पूर्वीसारखं कुणी हसत नाही. भंगारवाला मला बघून गेला आहे. शिशाला भाव चांगला आहे म्हणाला.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तूने मुलांना काहीतरी शिकवण द्यायची असते. जुन्या वस्तूंची काळजी घ्या, वगैरे. माझी नका घेऊ, मी लोखंड आहे. पण भंगारात जायच्या आधी मला एक काम करायचंय. ताईंना हुकूम होता. मला आता कुणी हुकूम देत नाही. म्हणून ही गोष्ट मी सांगत सुटले आहे, आणि तुम्हीही सांगत सुटा. गोंड्याला कुणी जात असेल, बस्तीला, जालन्याला, तर तिथे जाऊन सांगा.

संक्रांतीनंतर, उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये, लछमनसेठच्या गाळ्यासमोर ज्यांनी ज्यांनी माझ्या पायऱ्या चढून छातीचा फोटो काढला, त्यांनी ऐका. तुम्ही खुशीत असाल. पेढे वाटले असतील. खोकला असला तरी हसण्यावारी नेत असाल. बाबांनो, मायांनो, आजच्या आज उठा आणि जवळच्या दवाखान्यात जा. तुमचा फोटो साफ होता म्हणून आम्ही आलो नाही, असं नाही. तुमचा फोटो कुणी बघितलाच नाही.